लग्नाचं यूट्यूब लाईव्ह: फैजपूरकडच्या स्टुडिओचा अनुभव, साडेतीन स्टार

लग्नाच्या पॅकेजमधे हे लोक 'लाईव्ह' म्हणून जे विकतात ते घ्यायचं का, असं बाहेर राहणाऱ्या मैत्रिणी विचारत असतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. मामेबहिणीचं लग्न होतं यंदा मे महिन्याच्या सुरवातीला, फैजपूर-सावद्याकडच्या एका लॉनवर, आणि मामाने जवळच्याच एका स्टुडिओला काम दिलं होतं. फोटो, अल्बम, ड्रोन, हे त्यांचं नेहमीचं पॅकेज. लाईव्हचे वेगळे 8,000 रुपये, ते मी भरले कारण बघणारी मीच, इथे अमेरिकेत ओहायोत बसून.

तिकीट काढून का नाही आलीस असं अर्ध्या भाऊबंदांनी विचारलं. व्हिसाचं स्टॅम्पिंग, दुसरं काय. इथे राहून मुदत वाढवून मिळते पण व्हिसाचा पासपोर्टवरचा शिक्का देशाबाहेर जाऊनच घ्यावा लागतो, आधी ते ड्रॉपबॉक्समधे पासपोर्ट टाकून व्हायचं, सप्टेंबर 2025 पासून ती सोय जवळपास बंद झाली आणि मुलाखत आली, मग डिसेंबरमधे सोशल मीडिया तपासणी सुरू झाली तेव्हा भारतात गेलेल्या कित्येक एच-वन-बी, म्हणजे इथल्या नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या तारखा डायरेक्ट काही महिने पुढे गेल्या, सुट्टी संपली तरी लोक माहेरीच. मामीला हे सगळं समजावलं तर ती म्हणे मग लगन पुढच्या वर्षी ठेवू का, आणि ती गंमत करत नव्हती.

ठेवलं असतं तरी तारीख कुठून आणणार. यंदा अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून, त्यात लग्न नाही, म्हणून आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून पुढे जेवढे मुहूर्त होते त्यात सगळ्या खान्देशाने लग्नं कोंबली. लॉन मिळेना, आचारी मिळेना, बँडवाले एका दिवसात दोन वराती घेत होते. स्टुडिओवाल्यांचंही तेच, एकाच तारखेला दोन-दोन लग्नं घेतलेली, आणि मग चांगला माणूस कोणत्या लग्नात जाणार ते मालकाच्या नात्यावर ठरतं. आमच्याकडे कॅमेऱ्यावर मोठा अनुभवी माणूस आला, पण मिक्सरवर, म्हणजे कोणता कॅमेरा केव्हा दाखवायचा ते ठरवायला, एक नवीन पोरगा. याचा परिणाम पुढे सांगते.

आधी चांगलं. आवाज. मी पैसे भरताना एकच अट घातली होती की कॅमेऱ्याच्या माईकवर अवलंबून राहू नका, साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घ्या, आणि त्यांनी ती घेतली. ज्यांनी लाईव्हवर नुसता हॉलचा कलकलाट आणि पंख्याची घरघर ऐकलीये त्यांना कळेल मी काय म्हणतेय. भटजींचा शब्दन् शब्द ऐकू आला. तोटा एवढाच की माईकवरचं सगळंच ऐकू आलं. मुहूर्त 12:35 चा, म्हणजे माझे पहाटेचे 3:05, मी साडी नेसून बसलेली, आणि तिकडे सत्कार सुरू. माजी सभापती, आजी सभापती, दूध संघ, केळीचे व्यापारी, कोणाचे तरी साडू जे जळगावहून खास वेळ काढून आलेत, प्रत्येकाला टोपी-उपरणं-नारळ आणि वर दोन शब्द. एका साहेबांचे दोन शब्द कापसाच्या भावापर्यंत गेले. नवरदेव घामाने भिजला, अंतरपाट धरणारे दोघं हात बदलून बदलून थकले. अक्षता पडायला दीड वाजला. याचा दोष स्टुडिओला देत नाही, हा आपल्याकडचा मुहूर्तच असतो, मी फक्त सांगतेय की अलार्म मुहूर्ताचा लावू नका, अर्धा-पाऊण तास पुढचा लावा, झोप तरी होईल.

आता त्या मिक्सरवरच्या पोराचं. शेवटचं मंगलाष्टक, साऽऽवधान झालं, सगळे हात वर, आणि याने नेमका त्या सेकंदाला ड्रोनचा कॅमेरा लावला. स्क्रीनवर केळीची बाग. हिरवीगार, सुंदर, ठिबकच्या नळ्यांसकट. मागून वाजंत्री वाजतेय, लोक ओरडतायत, मला बाग दिसतेय. खाली आला तोपर्यंत हार घालून झाले होते. हे त्यांना नंतर सांगितलं तर म्हणे ताई मेन कॅमेऱ्यात आहे ना, अल्बमच्या व्हिडिओत येईल. अहो मग लाईव्ह कशाला घेतलं मी?

शिवाय लाईव्ह म्हणजे अगदी त्याच क्षणाला नसतं हेही माहिती असू द्या. यूट्यूबवर थोडा उशीर असतोच, आमच्याकडे अर्ध्या मिनिटाचा होता, त्यामुळे मला अक्षता दिसायच्या, सॉरी, केळी दिसायच्या आधीच आईचा व्हॉट्सअॅपवर मेसेज पडला होता, लागलं बरं का. लग्न लागेपर्यंत फोन बाजूला ठेवा.

हळदीच्या रात्रीची वेगळी तऱ्हा. संध्याकाळी तिकडे डीजे सुरू झाला, अहिराणी गाणी होती तोपर्यंत सगळं छान, आत्या-मावश्या सगळ्या नाचतायत, मग कोणीतरी हिंदी सिनेमाचं गाणं लावलं आणि थोड्या वेळात स्ट्रीम बंद. यूट्यूब लाईव्ह चालू असतानाच गाणी तपासतं आणि कॉपीराइटवालं सापडलं की स्ट्रीम थांबवू शकतं. स्टुडिओने नवीन लिंक काढली, पटकन काढली हे मान्य, पण ती टाकली फॅमिली ग्रुपवर, आणि ग्रुपवर तेव्हा हळदीच्या फोटोंचा आणि गुलाबाच्या फुलांचा पूर आलेला, मला लिंक सापडेपर्यंत तिकडे हळद लावून झाली. बॅकअप लिंक आदल्या दिवशीच बनवून घ्या आणि बघणाऱ्यांचा वेगळा छोटा ग्रुप करा ज्यात कोणी अभिनंदन लिहिणार नाही. आणि घरच्या कोणाच्या चॅनलवरून करणार असाल तर लाईव्ह पहिल्यांदा चालू व्हायला 24 तास लागू शकतात, मोबाईलवरून करायचं तर किमान 50 सबस्क्रायबर पाहिजेत, लग्नाच्या सकाळी हे कळून उपयोग नाही. लिंक अनलिस्टेड, म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसेल अशी ठेवायला सांगा, नाहीतर गावातला कोणीही कमेंटमधे 'जेवण केव्हा' विचारत बसतो.

स्क्रीनच्या खालून स्टुडिओच्या जाहिरातीची पट्टी पळत होती, लग्न, साखरपुडा, जाऊळ, वाढदिवस, सोबत मोबाईल नंबर, आणि नवरी खाली बसली की ती पट्टी बरोबर तिच्या तोंडावरून जायची. पैसे देऊन घेतलेल्या लाईव्हवर जाहिरात नको, हे बुकिंगलाच बोलून घ्या. मी बोलले नव्हते असं नाही, ते विसरले.

तरी साडेतीन स्टार का, तर एका पोरामुळे. पॅकेजमधे नसलेली गोष्ट, मी 1,500 जास्त देऊन मागून घेतली, एक मुलगा फक्त मोबाईल घेऊन फिरेल आणि स्टेज सोडून सगळं दाखवेल. व्हिडिओ कॉलवर, थेट माझ्याशी. तो मुलगा हिरा आहे. 44 डिग्रीत फोन तापून बंद पडायला लागला तर कूलरसमोर धरून थंड करायचा आणि पुन्हा पळायचा. आचाऱ्याकडे गेला, बट्ट्या उकडून झालेल्या, आता तुपात तळणं चालू, कढईसमोर नेऊन उभं केलं मला. घोटलेल्या वांग्याच्या भाजीचं पातेलं. मग पंगत, केळीच्या पानावर, बट्टी चुरून मधे आळं केलेलं, त्यात वरण, वर तुपाची धार, आणि कोण कोणाशेजारी बसलंय ते सगळं. दोन काका ज्यांचं शेताच्या बांधावरून अनेक वर्षं बोलणं बंद आहे ते एकमेकांच्या पानात भाजी वाढायला सांगत होते, ही बातमी मला कोणीच फोनवर दिली नसती कारण घरच्यांच्या लेखी ते काही विशेष नाही. आजीसमोर फोन धरला तर तिला मी दिसतेय हे कळायला वेळ लागला, आणि मग म्हणे, तुले बट्टी कोन देईन वं तिकडे? आणि लगेच त्या पोराला रागवायला लागली की तू कधीचा फिरतोय, बस, आधी जेव.

ड्रोनचे, स्लो मोशनचे, एलईडी स्क्रीनचे पैसे यातून कापले तरी चालेल मला. नवरी स्कूटरवरून गॉगल लावून येते तो व्हिडिओ मी एकदा बघितला, पंगतीचं रेकॉर्डिंग अजून बघते. स्टुडिओवाल्यांना हे कळत नाही कारण तिथे असणाऱ्याला पंगत फुकट दिसते.

नेटचं थोडक्यात: लॉनवर हजार माणूस जमला की टॉवर झोपतो, मोबाईलचं डोंगल चालत नाही. यांनी शेजारच्या दुकानातून फायबरची वायर ओढली होती आणि म्हणून स्टेजचं चित्र एकदाही अडकलं नाही. बुकिंगला हे विचाराच, इंटरनेट कुठून घेणार. 'होऊन जाईल ताई' हे उत्तर असेल तर दुसरा स्टुडिओ बघा.

रेकॉर्डिंग लगेच मिळालं, अल्बम अजून नाही. केळीच्या बागेबद्दल त्यांनी 1,000 रुपये परत केले, मागावे लागले पण केले. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा असतील तर आत्ताच फोन करा आणि मिक्सरवर कोण बसणार त्याचं नाव विचारून घ्या, आणि तो मोबाईलवाला पोरगा मागा, माझ्या आतेभावाच्या लग्नाची तारीख सोडून.