पाय पुरत नव्हते, तरी एक्सपल्सच घेतली

साखळीला माझं औषधांचं दुकान आहे आणि माहेर केरीला, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. रविवारी बाबांच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, जायचं तर डांबर संपल्यावर तांबड्या मातीची, जांभ्याच्या सुट्या खड्यांची चढण लागते, आणि मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. कितीतरी वर्षं मी स्कूटर खालीच ठेवून चालत गेले. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड हिरो एक्सपल्स 200 4व्ही ही कच्च्या वाटांवर चालणारी मोटरसायकल घेतली. तेव्हापासून कुळागराइतकीच त्या वाटेचीही ओढ लागली आहे.

माझी उंची पाच फूट तीन इंच, सीटची 825 मिलिमीटर. अंगणात पहिल्यांदा बसले तेव्हा जेमतेम चवडे टेकले. बाबा काळजीनं म्हणाले, "बाय, पाय तरी पुरतात का गो तुझे?" नव्हते पुरत. बऱ्याच जणी शोरूममध्ये इथूनच परत फिरतात, म्हणून सांगते: दोन्ही पाय टेकायची गरजच नसते. थांबताना सीटवर किंचित डावीकडे सरकायचं, डावा तळवा पूर्ण टेकवायचा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. वाट कलती असेल तर चढाच्या बाजूचाच पाय टाकायचा, कारण उताराच्या बाजूला जमीन लांब असते. हे अंगवळणी पडेपर्यंत गाडी तीनदा आडवी झाली. 158 किलो हातांनी उचलायला जाऊ नका. पाठ सीटला टेकवायची, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची पकड, आणि मांड्यांच्या जोरावर उलट्या पावलांनी मागे रेटायचं. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवा, नाहीतर उभी राहता राहता पलीकडे कोसळेल.

पुढचं चाक 21 इंची, आणि माझ्या मते ह्या गाडीचं सगळं मोल तिथं आहे. स्कूटरचं छोटं चाक ज्या खड्ड्यात उतरतं, त्यावरून हे नुसतं लोळत जातं. पुढचा शॉक 190 मिलिमीटर दबतो, मागचा 170, आणि पोटाखाली 220 मिलिमीटर मोकळे असतात. नवी मंडळी आधी सीसी विचारतात. निसरड्या चिऱ्यांवर इंजिनाची 19 पीएस ताकद भरपूर होते. जास्त ताकद मिळाली असती तर मागचं चाक घसरवण्यापलीकडे मी तिचं काही केलं नसतं. हमरस्त्यावर मात्र पाचच गिअर असल्यानं इंजिन लवकर ओरडायला लागतं. रोज पणजी–मडगाव करायचं असेल तर दुसरी गाडी बघा.

व्हाळ ओलांडताना मी आधी उतरून, काठी घेऊन चालत जाते. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत. नाहीतर पहिला गिअर, पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून गुडघ्यांनी टाकी आवळायची, नजर पलीकडच्या काठावर आणि ॲक्सिलरेटर एकसारखा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर लगेच स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते हवेसारखं दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

एका सर्व्हिस सेंटरनं माझी चेन साध्या गाडीसारखी ताणून दिली होती. इतके लांब शॉक असलेल्या गाडीत चाक वरखाली होताना दोन्ही स्प्रॉकेटमधलं, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांमधलं, अंतर बदलतं, म्हणून चेनला जास्त ढील लागते. आता पुस्तिकेत दिलेली ढील मी पट्टी लावून स्वतः मोजते. टायरही ट्यूबचे आहेत. ट्यूबलेसच्या सवयीनं पंक्चरचं सामान घरी विसरलात तर रानात अडकाल. मी जादा ट्यूब, टायर लिव्हर आणि हातपंप मागे बांधलेला ठेवते.

मुलासाठी छोटी डर्ट बाइक घ्यावी का, असं दुकानात येणारे विचारतात. फक्त ट्रॅकसाठी विकल्या जाणाऱ्या गाडीची आरटीओत नोंदणी होत नाही, मग ती घरापासून मैदानापर्यंत टेम्पोतून न्यावी लागते. स्वतःचं मैदान असेल तरच घ्या.

आणि कुठं चालवायची नाही तेही सांगते. म्हादई अभयारण्यात नाही. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, तर मुळीच नाही. तिथल्या बोटभर मातीत सीतेची आसवं नावाची इवली फुलं फुलतात. एक नॉबी (जाड खाचांचा) टायर फिरला की ती मातीच उखडून वाहून जाते. माझ्यामागून येणाऱ्या दोघा पोरांना मी गेल्या श्रावणात सड्याच्या कडेलाच थांबवलं आणि चालत वर नेलं. पुढच्या रविवारी त्यांनी आपणहून गाड्या खाली लावल्या होत्या.