चाहत्यांचं संस्थळ बंद करताना: गोठवावं, प्रत काढावी, सोपवावं की पुसून टाकावं?

एखाद्या गायकाच्या, मालिकेच्या किंवा खेळाच्या चाहत्यांनी पंधरा-वीस वर्षं चालवलेलं संस्थळ बंद करायची वेळ येते, तेव्हा कारणं बहुधा ठरलेली असतात. चालवणारे दोघेतिघे थकलेत, होस्टिंगचं बिल एकाच्याच खिशातून जातंय, आठवड्याला जेमतेम दोन नवे धागे (चर्चेचे विषय) निघतात आणि त्यातला एक जाहिरातीचा असतो. मग चर्चा सुरू होते आणि 'बंद करायचं की चालू ठेवायचं' इथेच अडते. खरं तर निर्णय दोन आहेत. साठलेल्या मजकुराचं काय करायचं हा एक, आणि अजून रोज डोकावणाऱ्या माणसांनी उद्यापासून कुठे भेटायचं हा दुसरा. दोन्हींना एकच उत्तर शोधायला गेलं की सहसा दोन्ही बिघडतात.

काहीच न ठरवणं हाही निर्णयच असतो, फक्त तो दुसऱ्याच्या हाती जातो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. सार्वजनिक कम्युनिटींचा संग्रह काही काळ ठेवला होता, पुढे तोही गेला. आयएमडीबीने फेब्रुवारी २०१७ मध्ये आपले चर्चाफलक जेमतेम अडीच आठवड्यांच्या नोटिशीवर काढून टाकले. याहू ग्रुप्सने ऑक्टोबर २०१९ मध्ये मजकूर पुसणार असल्याचं जाहीर केलं, ओरड झाल्यावर मुदत ३१ जानेवारी २०२० पर्यंत वाढवली आणि डिसेंबर २०२० मध्ये दुकान पूर्ण आवरलं. याउलट नव्वदच्या दशकात हिंदी चित्रपटगीतांचे चाहते यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्यातल्या ज्या आरएमआयएम गटात जमायचे, तिथली बोलणी अजून सापडतात. यूजनेटचे संदेश मुळातच अनेक सर्व्हरांवर पसरलेले असायचे. त्यांचा डेजान्यूज या शोधसेवेने जमवलेला मोठा संग्रह गूगलने २००१ मध्ये विकत घेतला. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सवर यूजनेटचं नवं काही येत नाही, पण जुनं वाचता येतं. साधा मजकूर एकाहून अधिक हातांत असला की तो टिकतो, एवढं इथून उचलण्यासारखं आहे.

जागेवरच गोठवणं

सगळ्यांना हीच वाट आधी सुचते, कारण काम एका संध्याकाळचं असतं. नवी नोंदणी बंद करायची, लिहिण्याचे हक्क काढायचे, वर एक सूचना लावायची. पीएचपीबीबी या चर्चाफलकाच्या सॉफ्टवेअरवर प्रत्येक विभागाला नोंदणीकृत सदस्यांसाठी 'फक्त वाचन' ही तयार भूमिका (हक्कांचा संच) देता येते. मराठीतली अनेक संस्थळं ड्रुपल या संस्थळ चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर उभी राहिली, आणि तिथे एक खड्डा आहे. प्रतिसादांच्या सेटिंगमध्ये 'बंद' आणि 'लपवलेले' असे दोन वेगळे पर्याय असतात. घाईत दुसरा निवडला, तर त्या धाग्यावरचे जुने प्रतिसादही दिसेनासे होतात. डेटाबेसमध्ये ते असतात, पण वाचणाऱ्याला सगळं पुसल्यासारखं वाटतं. त्यातून लेखनप्रकाराचं सेटिंग बदललं तर ते फक्त नव्या धाग्यांना लागू होतं, जुने उघडेच राहतात. म्हणून धाग्यांना हात न लावता सदस्यांच्या भूमिकेतून 'प्रतिसाद देणे' आणि 'स्वतःचे लेखन संपादित करणे' हे हक्क काढावेत. संपादनाचा हक्क विसरला, की एखादा रागावलेला जुना आयडी (टोपणनावाने लिहिणारा सदस्य) एका रात्रीत आपले सगळे धागे कोरे करून जातो.

गोठवलेल्या संस्थळामागे सॉफ्टवेअर चालूच असतं, ही या वाटेची अडचण. ड्रुपल ७ ला सुरक्षेची दुरुस्ती मिळणं ५ जानेवारी २०२५ ला संपलं. ही संस्थळं ज्या भाषेत लिहिलेली असतात त्या पीएचपीची आवृत्ती होस्टिंगवाला आपल्या सोयीने वाढवतो. जुन्या संस्थळांचा डेटाबेसशी संपर्क ज्या फंक्शनांवर चालायचा, ती पीएचपी ७ पासून काढून टाकलेली आहेत, त्यामुळे एक दिवस पांढरं पान उघडतं आणि दुरुस्त करणारा कुणी उरलेला नसतो. शिवाय हल्ली एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉट जुन्या धाग्यांवर तुटून पडतात. प्रत्येक पान डेटाबेसमधून तयार होत असेल तर स्वस्तातलं होस्टिंग त्याने गुदमरतं. सहा महिन्यांसाठी ठीक. त्यापलीकडे ही वाट म्हणजे बंद करणं पुढे ढकलणं.

स्थिर प्रत काढणं

मजकूर टिकवायचा असेल तर आमचं मत स्पष्टपणे याच बाजूला आहे. एचटीट्रॅक किंवा डब्ल्यूगेट या पानं उतरवणाऱ्या साधनांनी संस्थळाचं प्रत्येक पान साध्या एचटीएमएल फाइलमध्ये उतरवायचं आणि मागचं सॉफ्टवेअर, डेटाबेस सगळं काढून टाकायचं. मग हॅक व्हायला काही उरत नाही. कामाला मात्र दोन-तीन शनिवार-रविवार जातात, आणि बहुतेक वेळ प्रत उतरवण्याआधीच्या तयारीत जातो.

आधी तारखा बघा. '३ वर्षे २ आठवडे पूर्वी' अशी वेळ दाखवणारं संस्थळ तसंच उतरवलं, तर ते वाक्य कायमचं तिथेच थिजतं आणि दहा वर्षांनी वाचणाऱ्याला धागा कधीचा ते कळत नाही. तारखेचा नमुना आधी 'दिनांक, महिना, वर्ष' असा करून घ्या. 'सध्या हजर सदस्य', मतचाचणी, शोधखिडकी, प्रवेशाचा चौकोन हे सगळं साच्यातून काढा. प्रत नेहमी लॉगिन न करता घ्या, नाहीतर प्रत्येक पानावर तुमचा आयडी आणि 'तुम्हाला ४ नवे व्यनि' (व्यक्तिगत निरोप) असं छापलं जाईल. सदस्यांपुरते मर्यादित विभाग असं केल्याने सुटतात, आणि ते सुटावेत हेच योग्य. ते लिहिणाऱ्यांनी ते जगासाठी लिहिलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट फुगण्याची. पीएचपीबीबीच्या दुव्यांना 'एसआयडी' नावाची सेशनची, म्हणजे त्या भेटीची ओळख सांगणारी, शेपटी लागते. ती गाळायचा नियम दिला नाही तर एकच पान शेकडो वेगळ्या पत्त्यांनी उतरत राहतं आणि काम संपतच नाही. शोध, सदस्ययादी, 'उत्तर द्या', 'छापण्यायोग्य आवृत्ती' हे दुवेही वगळा. वेग सेकंदाला एक पान ठेवला तर ४०,००० पानांना सुमारे ११ तास लागतात. त्याहून जोरात गेलात तर होस्टिंगवाला तुमचाच पत्ता अडवतो.

देवनागरीची दुखणी वेगळी. पत्त्यात मराठी शीर्षक असेल तर त्यातलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, आणि पत्त्यात '%' लावून लिहिलेल्या सांकेतिक रूपात ९ अक्षरं. फाइलच्या नावाची मर्यादा बहुतेक यंत्रणांत २५५ बाइटांची असते, म्हणजे सांकेतिक रूपात जेमतेम २८ चिन्हं. काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. 'आठवणीतले सामने आणि न विसरता येणारे क्षण भाग १' आणि 'भाग २' या दोन्हींचं नाव एकाच जागी कापलं जाऊ शकतं, आणि मग एक पान दुसऱ्यावर बसतं. उपाय असा, की प्रत काढताना शीर्षकाऐवजी धाग्याचा क्रमांक पत्ता म्हणून वापरायचा आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे वळवणारी यादी सोबत ठेवायची. युनिकोडपूर्व काळातला मजकूर शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असेल, तर तो आधी परिवर्तकातून काढावा लागतो. नाहीतर उरतात फक्त रोमन अक्षरांचे अर्थहीन पुंजके. डेटाबेसची प्रत घेताना अक्षरसंच यूटीएफ-८-एमबी-४ असल्याची खात्री करा. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या तीन बाइटी प्रकारात देवनागरी मावते, पण इमोजी मावत नाहीत. डेटाबेसमधल्या जुन्या तक्त्यांवर लॅटिन-१ या जुन्या युरोपीय अक्षरसंचाचा शिक्का असेल तर बाहेर काढताना मराठीचं दुहेरी रूपांतर होऊन सगळं बिघडतं. पन्नास धागे उघडून डोळ्यांनी तपासा, त्यात सर्वांत जुने दहा हवेतच.

चित्रांबद्दल फार आशा ठेवू नका. सदस्यांनी दुसरीकडे चढवून नुसता दुवा दिलेली चित्रं बहुधा आधीच गेलेली असतात. फोटोबकेटने जून २०१७ मध्ये दुव्याने चित्र दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागितले, टायनीपिक २०१९ मध्ये बंद पडलं. जी जिवंत आहेत ती आत्ताच आपल्या प्रतीत उतरवून घ्या.

ठेवायचं कुठे? स्थिर संस्थळं मोफत ठेवू देणाऱ्या गिटहब पेजेसवर संस्थळाला १ जीबीची मर्यादा आहे. तशाच क्लाउडफ्लेअर पेजेसच्या मोफत योजनेत २०,००० फाइलींची, त्यामुळे मोठं संस्थळ तिथे मावत नाही. साधं होस्टिंग घेतलं तरी स्थिर फाइलींना सर्वांत स्वस्त योजना पुरते. एक प्रत वॉर्क या वेबपानं जतन करण्याच्या फाइलस्वरूपात इंटरनेट आर्काइव्हवर चढवावी. मात्र अशी चढवलेली फाइल आपोआप वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुनी पानं दाखवणाऱ्या त्यांच्या सेवेत, दिसू लागत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. वेबॅकमध्ये यायचं तर संस्थळ चालू असतानाच पानं तिथे जतन करून घ्यावी लागतात.

गमावतो काय, तर शोध. धाग्यांची वर्षवार आणि विषयवार सूची हाताने करून ठेवली तर निम्मं दुःख कमी होतं.

नव्या चमूला सोपवणं

ऐकायला सगळ्यांत गोड, आणि निम्म्या वेळा वर्षभरात पुन्हा तिथेच येऊन थांबणारं. निकष साधा ठेवा: किमान तीन जण हवेत, त्यातल्या एकाला सर्व्हर हाताळता यायला हवा, आणि पहिल्या वर्षाचा खर्च त्यांनी आधी जमवलेला हवा. 'मी बघतो' म्हणणारा एकटा उत्साही सदस्य म्हणजे सोपवणं नव्हे. तो थकला की पुन्हा हाच प्रश्न, आणि तेव्हा तुमच्याकडे चाव्याही नसतील.

चाव्यांमध्ये डोमेन, म्हणजे संस्थळाचा नोंदलेला पत्ता, सर्वांत महत्त्वाचं. ते कुणाच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदलंय ते आधी शोधा. मालकाचं नाव बदललं की बऱ्याच रजिस्ट्रारांकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपन्यांकडे) ६० दिवस दुसरीकडे हलवता येत नाही, म्हणून आधी हलवा, मग नाव बदला. आणि डेटाबेस देण्यापूर्वी व्यनि पुसा. सर्व्हर ज्याच्या हाती, त्याला सगळ्यांचे व्यनि वाचता येतात. दोन सदस्यांनी २००९ मध्ये एकमेकांना काय लिहिलं ते नव्या अॅडमिनच्या हाती देण्याचा हक्क तुम्हाला नाही. सदस्यांना आपले व्यनि उतरवून घ्यायला दोन महिने द्या आणि मग तो तक्ता रिकामा करा. जुने आयपी पत्तेही त्यासोबत जाऊ देत.

लेखनाचा हक्क वेगळाच. संस्थळ तुमचं असलं तरी कथा, लेख, रसग्रहणं लिहिणाऱ्यांचीच असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या मजकुराला प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण आहे, आणि लेखकाची ओळख उघड झाली तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तेव्हा दुसऱ्या संस्थळावर सरसकट उचलून टाकायचं किंवा पुस्तक काढायचं तर विचारावं लागतं. चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचा संग्रह असेल, तर आर्काइव्ह ऑफ अवर ओन हा चाहत्यांच्या कथांचा ऑनलाइन संग्रह चालवणाऱ्या संस्थेचा 'ओपन डोअर्स' हा उपक्रम बुडत्या संग्रहांना आपल्यात घेतो. लेखकांना कळवलं जातं आणि त्यांना आपलं लेखन ताब्यात घेणं, नाव काढून ठेवणं किंवा पुसणं यातलं निवडता येतं. चर्चेचे धागे मात्र तिथे घेत नाहीत.

माणसं हलवणं

इथे व्हॉट्सअॅप, टेलिग्राम आणि डिस्कॉर्ड यांची तुलना होते. व्हॉट्सअॅप सगळ्यांकडे आहे, पण गटात १,०२४ जणच मावतात आणि प्रत्येकाचा फोन नंबर इतरांना दिसतो. वीस वर्षं आयडीमागे राहिलेल्या माणसांना, विशेषतः बायकांना, हे नको असतं आणि त्या न बोलता गळतात. टेलिग्राममध्ये नंबर लपवता येतो, गटात २ लाखांपर्यंत सदस्य चालतात आणि संगणकावरच्या अॅपमधून सगळं बोलणं बाहेर काढता येतं. डिस्कॉर्डवर विषयवार धागे काढता येतात, त्यामुळे संस्थळाच्या सवयीला ते सर्वांत जवळचं. पन्नाशीपुढच्या सदस्यांना मात्र ते पहिले दोन आठवडे कोड्यात टाकतं.

यातलं एकही संग्रह नाही. तिथलं बोलणं गूगलवर सापडत नाही, आणि डिस्कॉर्डवरच्या चित्रांचे बाहेर दिलेले दुवे साधारण २४ तासांत निकामी होतात. म्हणून तिथून मजकूर काढताना चित्रंही सोबत उतरवावी लागतात. मराठी चाहत्यांसाठी आमची पसंती टेलिग्रामला. गप्पा तिथे होऊ द्या, लेखन तिथे नेऊ नका.

पुसून टाकणं

धाग्यांमध्ये अल्पवयीन मुलांचे तपशील, आजारपणं, घरातली भांडणं भरपूर असतील आणि ती वेगळी काढणं अशक्य असेल, तर हेच बरोबर. वेबॅकमध्ये आधीच गेलेल्या प्रती याने जात नाहीत, त्या काढण्याची विनंती इंटरनेट आर्काइव्हला वेगळी करावी लागते. ती डोमेन तुमच्या हातात असतानाच करा.

निरोपाची सूचना

कुठलीही वाट घेतली तरी तीन महिन्यांची नोटीस द्या. ईमेल सगळ्या सदस्यांना जायला हवं, कारण ज्यांचं लेखन सर्वाधिक आहे ते बहुधा कधीच यायचे थांबलेले असतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल एसपीएफ किंवा डीकेआयएम (पत्र खरंच त्या डोमेनवरून आल्याची खूण) नसलेलं पत्र नाकारतं किंवा स्पॅममध्ये टाकतं, आणि जुन्या संस्थळांवर हे दोन्ही सहसा लावलेलं नसतं. आधी स्वतःच्या जीमेलवर चाचणी पत्र पाठवा. स्वस्त होस्टिंगवर तासाला किती पत्रं जाऊ शकतात याची मर्यादा असते, म्हणून तुकड्यांनी पाठवा. पासवर्ड विसरल्याचं पत्रही त्याच वाटेने जातं. ते अडकलं तर जुनी माणसं दारापर्यंत येऊन परत जातात.

निरोपाचा धागा शेवटचे दोन आठवडे उघडा ठेवा आणि त्यावर एक संपादक नेमा. जुनी भांडणं तिथेच हमखास वर येतात.

डोमेन सोडू नका. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रारनुसार ४५ दिवसांपर्यंतची सवलत, मग ३० दिवस दंड भरून सोडवण्याची संधी, मग ५ दिवसांनी ते कुणालाही मिळतं. जुन्या संस्थळाला बाहेरून भरपूर दुवे असल्याने जुगाराच्या जाहिरातवाल्यांना ते हवंच असतं. त्याहून वाईट म्हणजे त्या डोमेनवर संपादकांचे ईमेल असतील, तर नवा मालक त्यांच्या इतर खात्यांचे पासवर्ड बदलून घेऊ शकतो. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचं नूतनीकरण भरता येतं. सदस्यांची उरलेली वर्गणी आधी तिथे घाला.