पंचवटीतलं फॉर्मचं दुकान: महापालिकेत काम असेल तर आधी इथे जा

पाच पैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे सांगते, आधी दुकान नक्की काय आहे ते सांगते, कारण पाटीवर फक्त झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म एवढंच लिहिलंय आणि असली दुकानं नाशकात गल्लोगल्ली आहेत.

हे पंचवटीत महापालिकेच्या विभागीय कार्यालयाच्या जवळ आहे. छोटा गाळा, दोन झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, आत एक काका आणि त्यांचा पुतण्या. माझं काम म्हणजे बाबा गेल्यानंतर घरपट्टीला आईचं नाव लावायचं होतं. नातेवाइकांपैकी एक म्हणे थेट राजीव गांधी भवनला, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात जा, दुसरा म्हणे नगरसेवकाचं पत्र घे, तिसरा म्हणे एजंट बघ. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, मिळकत कुठल्या विभागात येते?" आणि खरं सांगते सगळं काम या एका प्रश्नावरच उभं आहे.

आपल्या महापालिकेचे सहा विभाग आहेत, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि नवीन नाशिक म्हणजे आपलं सिडको. प्रत्येकाचं वेगळं कार्यालय, वेगळा विभागीय अधिकारी. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्ममृत्यूचे दाखले ही रोजची कामं तिथेच होतात, शरणपूर रोडच्या मुख्यालयात नाही. मुख्यालयात आयुक्त बसतात, अतिरिक्त आयुक्त, शहर अभियंता, नगररचना वगैरे मोठी खाती. माणसं घरपट्टीच्या कागदासाठी रिक्षा करून तिकडे जातात आणि तिथून परत विभागात पाठवतात, वयस्कर माणसाचा अख्खा दिवस जातो हो त्यात.

काकांनी एक पाठकोरा कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं आयुक्त, खाली अतिरिक्त आयुक्त, उपायुक्त, विभागीय अधिकारी, सगळ्यात खाली क्लार्क. उजव्या बाजूला महासभा म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, महापौर, स्थायी समिती, प्रभाग समिती, नगरसेवक. मग डाव्या बाजूवर बोट ठेवून म्हणाले, "तुमचा कागद इकडून जाणार. त्या उजवीकडच्यांची सही लागत नाही त्याला." मी ग्रॅज्युएट आहे, शाळेत नागरिकशास्त्र शिकलेय, पण एवढं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. आयुक्त राज्य सरकार नेमतं, तो आपण निवडून दिलेला नसतो, आणि रोजचा कारभार त्याच्या हातात. महापौर पण आपण थेट निवडत नाही, नगरसेवक आपल्यातून निवडतात, अडीच वर्षांसाठी. महापौर महासभा चालवतो. पैशाची मोठी मंजुरी, टेंडरं वगैरे स्थायी समितीकडे, त्यात सोळाच सदस्य. नगरसेवक बजेटवर मत देतो, सभेत प्रश्न विचारतो, प्रभागातल्या कामासाठी मागे लागतो, पण घरपट्टीवरचं नाव बदलायचा अधिकार त्याच्याकडे नाही.

आणि हे नुसतं ज्ञान म्हणून नाही, याचा उपयोग आहे. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर २०२६ च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत इथे प्रशासकच होता, म्हणजे सरकारने नेमलेला अधिकारी. म्हणजे त्या कागदाची उजवी बाजू जवळपास चार वर्षं रिकामी. दाखले निघत होते, घरपट्टी भरली जात होती, घंटागाडी येत होती, पण आमच्या गल्लीतला रस्ता आधी करायचा की दुसरीकडचा, हे सभेत उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. मला हे फार लागतं. २०११ च्या जनगणनेतच पंधरा लाखांच्या आसपास लोकांचं शहर आणि १२२ नगरसेवकांच्या खुर्च्या इतका काळ रिकाम्या, आणि कितीतरी लोकांना ते जाणवलंसुद्धा नाही कारण कोण काय करतं हेच कुणी सांगत नाही.

मी थांबले होते तेव्हा एक दादा आले, आईचा मृत्यू दाखला हवा होता. राहायला पंचवटीत पण त्या वारल्या नाशिकरोडच्या हॉस्पिटलमध्ये. काकांनी फॉर्म दिलाच नाही, म्हणाले नोंद घराच्या पत्त्यावर होत नाही, जिथे मृत्यू झाला तिथे होते, तुम्ही नाशिकरोडला जा. गिऱ्हाईक गेलं, एक रुपया मिळाला नाही. दुसऱ्या एकांना दारातल्या झाडाची फांदी तोडायची होती, त्यांना सांगितलं की आपल्या मनाने कुऱ्हाड लावू नका, झाड आपल्या अंगणातलं असलं तरी परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे, अर्ज उद्यान विभागाला करा. रस्त्यावरच्या लाइटचा खांब असेल तर पालिकेचा विद्युत विभाग, पण घरातली लाइट गेली तर ते महावितरण, त्याचा पालिकेशी संबंध नाही. हे सगळं तोंडपाठ.

मला सांगितलेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे घरपट्टीला नाव लागलं म्हणजे घर नावावर झालं असं नाही. ती फक्त कर कुणाकडून घ्यायचा याची नोंद. मालकीसाठी प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा बघायचा, आणि ते भूमी अभिलेख आणि तलाठ्याकडे, म्हणजे राज्य सरकारकडे. आमच्या सोसायटीत अर्ध्या लोकांना वाटतं की घरपट्टीची पावती हाच मालकीचा पुरावा, मी आल्या आल्या ग्रुपवर टाकलं.

काउंटरच्या काचेखाली भरलेल्या फॉर्मचे नमुने लॅमिनेट करून ठेवलेत, सही कुठे करायची तिथे लाल गोल. अर्जाची दोन प्रतींत झेरॉक्स करूनच देतात आणि बजावतात की दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. पोच हातात असेल तरच पुढे बोलता येतं, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या यादीतल्या कामांना, मुदत ठरलेली आहे, मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं, पण मुदत कधीपासून मोजायची ते त्या तारखेवरच.

आता अर्धा स्टार. टायपिंगमध्ये नावं चुकतात, आईच्या नावातला दीर्घ ऱ्हस्व झाला होता, परत करून दिलं आणि पैसे नाही घेतले पण सही करायच्या आधी अक्षर न अक्षर वाचा. बसायला एकच स्टूल आहे, म्हातारी माणसं उभी राहतात, तिथे एक बाकडं टाकाच काका. आणि दुपारी गर्दीत पुतण्या एकटा असला तर तो नुसता फॉर्म देतो, समजावत नाही.

एक मात्र मनापासून म्हणते, त्या कागदावरची ती रेघ आणि दोन बाजू खरं तर सहाही विभागीय कार्यालयांच्या दारात मोठ्या अक्षरात लावलेल्या हव्यात. झेरॉक्सच्या दुकानात ज्याला जमलं ते पालिकेला जमणार नाही असं काही नाही.

जाणार असाल तर सकाळी जा, काका स्वतः असतात. घरपट्टीची शेवटची पावती, मृत्यू दाखल्याच्या दोन-तीन प्रती, सगळ्या वारसांची आधार झेरॉक्स आणि सोसायटीचं पत्र सोबत ठेवा. सुट्टे पैसे पण न्या, त्यांचं यूपीआय बऱ्याचदा अडकतं.