पंचगंगेतला, धरणातला की कोकणातला: कोल्हापुरात मासा कुठला घ्यावा?

कल्ले लालभडक, डोळे टवटवीत. यावरून मासा ताजा आहे एवढंच कळतं. पारा, शिसं असल्या गोष्टींना ना वास, ना रंग. म्हणून 'इथलाच आहे, मघाशीच धरलाय' यावर भुलू नका. कुठं धरला, काय खाऊन वाढला आणि केवढा झाला, ते विचारा.

पंचगंगेचे दोन भाग धरायचे. प्रयाग चिखलीपासून जयंती नाल्यापर्यंतचा मासा एक, नाल्याच्या खालचा दुसरा. खाली शहराचं सांडपाणी येतं, पुढं इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचं. धातू गाळात बसतात आणि तळाशी चरणारे मृगल, वाम, शिंगाळा तोच गाळ उकरतात. बंधाऱ्यावर मासे तरंगले की पिशव्या भरून नेणारे असतातच. पाण्यातला प्राणवायू संपला की मासे असे मरतात, पण पाण्यात आणखी काय मिसळलं होतं ते बघून सांगता येत नाही. तो मासा फुकट मिळाला तरी नको.

राधानगरीच्या जलाशयाला वर जंगल आहे, कारखाने नाहीत. नव्या धरणात बुडालेली झाडं कुजताना जिवाणू पाऱ्याचं मिथाइल पारा, म्हणजे अंगात साठणारं रूप करतात, मग काही वर्षं माशांत तो जास्त सापडतो. राधानगरी जुनं, त्यामुळं ती धास्ती कमी. इथला रोहू, कटला घ्या. ते मासे खाऊन जगत नाहीत. मरळ मासेखाऊ, खाल्लेल्या माशांतला पारा तिच्यात साठत जातो. चवीला तिला तोड नाही, पण दोन किलोच्या मरळीपेक्षा अर्ध्या किलोची बरी.

कोकणातल्या माशांतही हाच नियम: तारली, बांगडा बिनधास्त, मोठी सुरमई, मोरी (शार्क) क्वचित.

क्वचित म्हणजे किती? मिथाइल पाऱ्याची आठवड्याची सोसेल अशी मर्यादा वजनाच्या दर किलोला 1.6 मायक्रोग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या बाईला 96. माशात किलोमागं 250 मायक्रोग्रॅम असेल, तर आठवड्याला 380 ग्रॅममध्येच कोटा संपला. 50 असेल, तर पावणेदोन किलो खाऊनही थोडी जागा उरते. गरोदर बाई आणि लहान पोरं घरात असतील तर मोरी आणायचीच नाही.

मीठ-हळद चोळून पारा जात नाही, तो मांसातच बांधलेला असतो. तळल्यावर पाणी उडतं, पारा राहतो. डीडीटीसारखी चरबीत मुरणारी रसायनं मात्र कातडी, पोटाकडची चरबी आणि बाजूची काळपट पट्टी काढली की बरीच कमी होतात. कालवणात ती चरबी रश्श्यातच उतरते; तव्यावर भाजून गळालेलं तेल टाकून द्या. शिसं, कॅडमियम काळीज, कल्ले, हाडांत जास्त, म्हणून मुंडक्याचं कालवण नाल्याखालच्या माशाचं नको.

रक्त तपासायचं तर पाऱ्यासाठी अख्खं रक्त द्या. मिथाइल पारा तांबड्या पेशींत असतो, नुसत्या सीरमवर, म्हणजे पेशी काढलेल्या रक्ताच्या पाण्यावर, आकडा फसवा येतो. धातूंच्या तपासणीची गडद निळ्या झाकणाची नळी प्रयोगशाळेत आहे का, हे आधी फोनवर विचारा. आकडा जास्त आला तर काढे पिऊन तो उतरत नाही. मोठे मासे बंद केले की साधारण 50 दिवसांत निम्मा होतो. दुसरी तपासणी त्यानंतरच करा.