‘पाणचक्की आज बंद आहे, ताई’

छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्टेशनबाहेर हे वाक्य कुणी म्हणालं, तर त्याच्या रिक्षात बसू नका. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल. वेळ असेल तर पुढचंही वाचा, कारण खोटं रिक्षात सुरू झालं, पण आमचे साडेसोळा हजार गेले ते दुसरीकडंच.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूची. शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. मलिक अंबर शिकवताना दरवर्षी मनात यायचं की यानं १६१० साली वसवलेलं खडकी हे गाव, पुढं औरंगाबाद झालेलं, आता छत्रपती संभाजीनगर झालेलं, आपण धड पाहिलेलंच नाही. जाणं-येणं पुष्कळ. पण ते घाटी रुग्णालयात कुणाला भेटायला, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायला. वेरूळ-अजिंठा सहलीत झालं, शहर मात्र राहूनच गेलं. गेल्या जानेवारीत जाऊबाईंना म्हटलं, चला, दोन दिवस नुसत्या गल्ल्या हिंडू.

मला शहरातले ‘पुरे’ बघायचे होते. मुघलांच्या फौजेबरोबर दक्षिणेत आलेल्या सरदारांनी जिथं तळ दिला, तिथं त्यांच्या नावानं वस्त्या झाल्या. स्टेशनकडचा कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा, जयसिंगपुरा मिर्झाराजांचा. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेला लाखभर माणूस लोटतं, पण हे कर्ण कोण ते किती जणांना ठाऊक असेल? मी वहीत क्रम लिहून घेतला होता. भडकल दरवाजा, जो अंबरानं १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधला. मग पाणचक्की, महमूद दरवाजा, बेगमपुरा. दुसऱ्या दिवशी सिटी चौक, गुलमंडी, राजाबाजारचा संस्थान गणपती.

स्टेशनवर उतरलो आणि बाहेर येताच एक रिक्षावाला पुढं आला. चाळिशीचा, बोलायला अगदी गोड. "कुठं जायचं ताई?" मी पाणचक्की म्हटलं. तो म्हणाला, "पाणचक्की आज बंद आहे, ताई. नहरीचं काम चालू आहे, आत सोडत नाहीत." बाहेरच्या माणसाला नहरीचं नाव माहीत नसतं. त्यानं ते घेतलं आणि माझा विश्वास बसला. नहर-ए-अंबरी मी वर्गात शिकवलेली. डोंगराकडचं पाणी खापराच्या नळांतून शहरात कसं आणलं, हे मी फळ्यावर चित्र काढून दाखवायची. हा माणूस जाणकार आहे असं वाटलं.

मग म्हणाला, "तोपर्यंत हिमरूचे जुने हातमाग दाखवतो. सरकारी प्रदर्शन आहे, आज शेवटचा दिवस. नाही घेतलं तरी चालेल, बघायला पैसे नाहीत." हिमरू म्हणजे सूत-रेशमाचं नक्षीदार कापड. वाटेत भडकल दरवाजा दाखवला, थांबून फोटो काढून दिला. पुढं दोन-तीन गल्ल्या अशा वळवल्या की आम्ही कुठं आहोत ते कळेना. भाडं विचारलं तर हात जोडून म्हणाला, "राहू द्या ताई, शेवटी बघू. तुम्ही आमच्या पाहुण्या." भाडं न मागणाऱ्या रिक्षावाल्याला ते दुसरं कुणीतरी देणार असतं. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

दुकानाबाहेर ‘हातमाग’ असं मोठं लिहिलेलं. आत शिरताच डाव्या हाताला खरोखरचा माग होता, त्यावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. रेशमाच्या लहान लहान कांड्या एकेक करून ताण्याच्या उभ्या धाग्यांतून ओवत मोराची मान विणत होते. मी भारावून उभी राहिले. आम्ही अर्धा तास तिथं होतो, तेवढ्यात ती मान दोन बोटंसुद्धा पुढं सरकली नाही. आणि त्यांच्या पाठीमागच्या रॅकमध्ये दीड-दोनशे साड्या रचलेल्या. या दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर शेजारी-शेजारी होत्या. मी त्यांचा मेळ घातला नाही. त्या म्हाताऱ्या विणकरांबद्दल मला आजही राग नाही. त्यांचा माग खरा होता, तो फक्त दाराशी मांडून ठेवला होता.

जाऊबाईंच्या भाचीचं लग्न ठरलेलं. दुकानदारानं ते बोलण्यातून बरोबर काढून घेतलं. मग पैठणी म्हणून अंजिरी रंगाची, मोरांच्या पदराची साडी उलगडली. "बाहेर चाळीसला मिळेल मावशी, प्रदर्शनाच्या भावात साडेसोळा." माझी आई पैठणी घ्यायची तर आधी पदर उलटा करायची, तेवढं मला ठाऊक होतं. मी पदर उलटा केला. मागं धागेच धागे, कातरलेले, बोट फिरवलं की ब्रशसारखे लागणारे. मी म्हटलं, "पैठणीला मागं असे धागे नसतात."

त्यानं जराही न अडखळता उत्तर दिलं. "बरोबर आहे मॅडम, साध्या पैठणीला नसतात. ही हिमरू पैठणी आहे. हिमरूची ओळखच मागचे सुटे धागे." आणि शेजारची एक हिमरूची शाल उचलून उलटी करून दाखवली. तिला मागं सुटे धागे होतेच.

यातलं निम्मं खरं आहे, म्हणून मी फसले. हिमरूत ताणा सुताचा, आडवा धागा म्हणजे बाणा रेशमाचा असतो. नक्षीचा जादा धागा मागच्या बाजूला मोकळा राहतो, त्यानंच ती शाल ऊबदार आणि मऊ होते. पण म्हणून पैठणीच्या मागचे कातरलेले धागे हिमरूचे ठरत नाहीत. एका खऱ्या वस्तूची खूण त्यानं दुसऱ्या खोट्या वस्तूला चिकटवली. शिकलेल्या माणसाला फसवायला असंच अर्धं खरं लागतं.

पैसे मोबाइलवरून दिले. पावती म्हणून ‘एस्टिमेट’ छापलेला गुलाबी कागद मिळाला, त्यावर ना दुकानाचं नाव ना जीएसटी क्रमांक. पैसे ज्याच्या नावावर गेले ते नाव फलकावरचं नव्हतं. पक्कं बिल मागितलं तर म्हणाले, "प्रदर्शनात बिल नसतं, आणि बिल केलं तर तुम्हालाच टॅक्स लागेल." जाऊबाईंनी हौसेनं मागापाशी उभं राहून फोटो काढून घेतला होता. त्यात मागं फलक आला, हे पुढं फार उपयोगी पडलं. रिक्षावाल्यानं आम्हाला लॉजवर सोडलं आणि शंभर रुपये घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पायी निघालो. पाणचक्की उघडी होती. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळ, हौदाच्या काठावर बसलो. वरून पडणाऱ्या पाण्याचा तो एकसुरी आवाज, आणि आत जातं, ज्यावर कधीकाळी दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी दळण व्हायचं. तिकीट देणाऱ्याला विचारलं, काल बंद होती का? तो म्हणाला, "नाही, काल पण चालूच होती की." जाऊबाई माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "मग तो खोटं का बोलला असेल?" दुपारची गाडी होती, राजाबाजारही व्हायचा होता. त्या वेळी मागं फिरून दुकान गाठलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

खरा उलगडा झाला मार्चमध्ये. नाथषष्ठीला पैठणला गेलो, तेव्हा साडी सोबत नेली. तिथल्या एका विणकर ताईंनी पदर हातात घेतला, उलटा केला आणि काही न बोलता स्वतःच्या मागावरचा पदर आम्हाला उलटा करून दाखवला. मोर पुढून जसा, तसाच मागून. एक धागा लोंबत नाही, एक कातरलेला नाही. रंग बदलतो तिथं दोन धागे एकमेकांत अडकवलेले. मग त्यांनी आमच्या साडीचा एक धागा ओढून काडी लावली. तो जळला नाही, वितळला. टोकाला काळा टणक मणी झाला आणि प्लास्टिकचा वास आला. त्यांच्या रेशमाचा धागा जाळला तर केस जळल्याचा वास, आणि बोटात चुरला की राख. म्हणाल्या, "यंत्रमागाची आहे बाई, रेशीमही नाही. आम्हाला असा एक पदर विणायला महिना जातो. आणि लोक येऊन आम्हालाच म्हणतात, तुमची महाग आहे."

पैशांपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं.

आता कामाचं. साडी घेताना दुकानातच एक धागा मागा आणि जाळून बघा. खरा विकणारा नाही म्हणत नाही. रेशमाला सिल्क मार्क, हातमागाला हॅण्डलूम मार्क असतो, तो लेबलवर पाहा. ‘सरकारी’ म्हणत असतील तर कुठल्या खात्याचं ते विचारा आणि बिलावर लिहून मागा. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मला हे माहीत नव्हतं. ठिकाण उघडं आहे की बंद हे मात्र त्या ठिकाणच्या दारात जाऊनच ठरवा. पत्ता ओळखीचा नसेल तर फोनवर नकाशा चालू ठेवा. रिक्षा दुसरीकडं वळली तर लगेच कळतं.

पैठणहून आल्यावर दुकानाला फोन केला, तर "प्रदर्शनवाले गेले, आमचा संबंध नाही" म्हणाले. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून दुकानाला कळवलं गेलं, उत्तर आलं नाही. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. आपण राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो, संभाजीनगरला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही, आणि दोन वर्षांच्या आत कधीही जाता येतं. अर्जाला गुलाबी कागद, मोबाइलवरच्या व्यवहाराची नोंद आणि जाऊबाईंचा तो फोटो जोडला. ‘साडी मीच मागून घेतली, सक्ती नव्हती’ हेही मी खरं तेच लिहिलं.

परभणीत एक तारीख झाली, समोरून कुणी आलं नाही. पुढची तारीख पडली आहे. भाचीला आम्ही दुसरी साडी घेतली. ही पुरावा म्हणून कपाटात आहे, पदर उलट्या बाजूनं वर घडी घालून.