गोदरेज ट्रायबोल्ट: कौलारू घराच्या मागच्या दारासाठी घ्यावेच असे कुलूप

गोव्यातले जुने घर बंद करून मे महिन्यात गावाला जाणार असाल, तर पैसा आधी मागच्या दारावर घाला, कॅमेऱ्याचे नंतर बघा. गोदरेजचे अल्ट्रा ट्रायबोल्ट वापरून माझे हे मत पक्के झाले आहे. फोंड्याच्या वरच्या बाजारातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मला ते चार हजारांच्या आत पडले, मेस्ताची, म्हणजे सुताराची, मजुरी वेगळी. गेल्या उन्हाळ्यात बसवले, मधला अख्खा पावसाळा त्याने काढला, म्हणून आता त्याच्याविषयी खात्रीने लिहिता येते.

आमचे घर बांदोड्याला. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौले, पुढे सोपा, मागे परस आणि परसाला लागून कुळागर, म्हणजे पोफळी-नारळांची बाग. पुढून कोणी आला तर रस्त्यावरून दिसतो, समोरच्या काकूंना दिसतो, त्यांच्या कुत्र्याला दिसतो. कुळागरातून पोफळींच्या आडून आलेला कोणालाच दिसत नाही. आणि आमच्याकडे घरोघरी बघा, पुढच्या दाराला पितळी कडी आणि मुठीएवढे कुलूप, मागच्या दाराला मात्र दोन स्क्रूंवर तग धरून असलेला कोयंडा. तेही दार न्हाणीघराच्या बाजूला असल्याने खालून कुजत आलेले.

चोर कुलूप फोडायच्या भानगडीत पडत नाही. कोयंड्यात पहार घालून हिसका दिला की स्क्रूसकट कोयंडा बाहेर येतो, सात लिव्हरचे कुलूप त्याला लटकून तसेच शाबूत राहते. शिवाय बाहेर टांगलेले कुलूप येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगते की घरात माणूस नाही. ट्रायबोल्टची पहिली मोठी सोय हीच. कुलपाची पेटी दाराच्या आतल्या अंगाला बसते, बाहेरून दिसते ती फक्त किल्लीची गोल चकती. आत कोणी आहे की नाही, ते दाराकडे बघून कळत नाही. किल्ली फिरवली की तीन जाड बोल्ट एकदम सरकून चौकटीवरच्या पेटीत जातात. किल्ली चपटी, तिच्या अंगावर खळगे असलेली. कोपऱ्यावरचा किल्लीवाला कानशीने घासून तिची जोड देऊ शकत नाही, याचे मला समाधान आहे, कारण आमच्या घरात भाडेकरू, माळी, नारळ पाडणारे अशा पुष्कळ माणसांचा वावर असतो.

पण खरी गोष्ट कुलपापेक्षा बसवण्यात आहे, आणि आमच्या मेस्ताने ती मला दाराशी उभे करून दाखवली. जुने लाकूड पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जुलैत जे दार खांद्याने ढकलावे लागते, तेच एप्रिल-मेमध्ये चौकटीपासून सुटून उभे असते. मेस्ताने फटीत आपली पट्टी घातली, ती अलगद आत गेली. "बाय, हांगा पार घालपाक जागो आसा," तो म्हणाला, म्हणजे इथे पहार घालायला जागा आहे. थोडक्यात, घर ज्या महिन्यात रिकामे, त्याच महिन्यात दार सर्वांत सैल. जुन्या खिळीचे टोक तर चौकटीत जेमतेम टेकलेले होते. ट्रायबोल्टचे बोल्ट चांगले लांब बाहेर येतात, त्यामुळे फट पडली तरी पकड सुटत नाही. उलट मेमध्ये अगदी नेमके बसवलेले कुलूप जुलैत फुगलेल्या दारामुळे अडून बसते, किल्ली फिरत नाही. म्हणून मेस्ताने चौकटीवरची पेटी किंचित बाहेर सरकवून बसवली आणि दाराची कड रंधून घेतली. पावसाळ्यात किल्ली फिरवताना दार थोडे आपल्याकडे ओढावे लागले, तेवढेच.

चौकटीच्या बाजूला त्याने स्वतःजवळचे अडीच इंची स्क्रू थेट लाकडात घातले. चिऱ्याच्या भिंतीत प्लग ठोकून काहीही बसवू देऊ नका. चिरा भुसभुशीत असतो, हिसक्याने प्लग मातीसकट निघतो. आमची चौकट फणसाची आहे, ती अजून दणकट आहे. तुमची वाळवीने खाल्लेली असेल तर आधी चौकट बदला. पोकळ चौकटीवर चार हजारांचे कुलूप लावून काही उपयोग नाही.

पुढच्या दाराचा प्रश्न वेगळा. आपल्याकडे ते दोन झडपांचे असते, आणि असे कुलूप एका झडपेवर बसवले तर दुसरी झडप वर-खाली खिटीने घट्ट असायला हवी, नाहीतर दोन्ही झडपा एकदम ढकलल्या जातात. आम्ही पुढच्या दाराला नवे काही लावलेच नाही. भिंतीतल्या खाचांत आडवा जाणारा आजेसासऱ्यांच्या काळचा लाकडी अडसर आहे, तो आतून घालतो आणि सगळे मागच्या दाराने बाहेर पडतो. त्या अडसराच्या तोडीचे काही मला बाजारात दिसले नाही. ज्यांनी घराची डागडुजी करताना या खाचा सिमेंटने बुजवल्या आहेत, त्यांनी त्या पुन्हा उघडाव्यात असे मला मनापासून वाटते.

हे कुलूप आतून किल्लीने उघडायचे की नुसत्या खटक्याने, हे घेतानाच ठरवावे लागते. दुकानदार किल्लीचा आग्रह धरत होते, कारण खिडकीची काच फोडून हात घातला तर खटका फिरवता येतो. मी ऐकले नाही. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. रात्री गॅसचा वास आला, शॉर्ट सर्किट झाले, तर अंधारात किल्ली शोधत बसायची का? दाराजवळच्या खिडकीला गज आणि बारीक जाळी लावून घेतली आणि खटक्याचेच कुलूप आणले. सासूबाईंची समजूतही काढावी लागली नाही, त्यांच्या लग्नातले लोखंडी कपाटही गोदरेजचेच आहे आणि त्याचे दार अजून तसेच लागते.

२०२५ साली एप्रिलमध्ये दोनापावल्याला आणि ऑक्टोबरमध्ये म्हापशाला दरोडे पडले, त्यानंतर आमच्या वाड्यावर जो तो कॅमेऱ्यांच्या मागे लागला. आम्हीही एका कंपनीचे कॅमेरे बसवले. ते वाईट नाहीत, पण मे महिन्यातल्या संध्याकाळी ढग गडगडले की वीज जाते, विजेबरोबर राउटर जातो, आणि पुण्यात बसून मी फोनवर फक्त फिरणारे चक्र बघत राहते. बसवणाऱ्यांना फोन केला तर "उद्या माणूस पाठवतो" हे उत्तर. इन्व्हर्टर असेल तरच कॅमेऱ्यावर भिस्त ठेवा, किंवा सिम कार्डवर चालणारा सौर कॅमेरा घ्या. तरीही कॅमेरा चोर आल्याचे दाखवतो, दार धरून ठेवत नाही.

ट्रायबोल्ट जिथे काहीच करू शकत नाही ती जागा म्हणजे छप्पर. मंगळुरी कौल नुसते अडकवलेले असते. चार कौले बाजूला केली की माणूस आत उतरतो, आवाजही फारसा होत नाही. ज्या खोलीत कपाट आहे तिच्यावर वाशांच्या खाली लोखंडी जाळीची चौकट बसवून घ्या. आम्ही कुर्टीच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली, ट्रायबोल्टच्या कितीतरी पट खर्च आला आणि तो मला मुळीच जास्त वाटत नाही. छपरावर ओणवलेली आंब्याची फांदी छाटा. शिडी, पहार, कोयता पडवीत ठेवून जाऊ नका. नारळ पाडायची आपलीच शिडी चोराच्या कामी येते, ही आमच्या भागातली ऐकीव गोष्ट नव्हे.

उन्हाळ्यातच हे सगळे का, तर लग्नसराईमुळे. एप्रिल-मेमध्ये सोने लॉकरमधून बाहेर येते, लग्न झाले की कपाटात पडून राहते, "सुट्टीहून आलो की ठेवू" म्हणत. ठेवून मगच जा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२२ पासून लॉकरमधला ऐवज चोरीला गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट एवढीच, म्हणून मोठ्या दागिन्यांचा विमाही हवा. घरफोडीच्या विम्यात दाव्याच्या वेळी जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा बघतात, तेव्हा दार नीट बंद असणे तिथेही उपयोगी पडते. घरी असतानाही दुपारच्या उकाड्यात मागचे दार उघडे टाकून झोपू नका. रात्री खिडकी उघडी ठेवलीत तर मोबाइल आणि पर्स काठी पोचणार नाही इतक्या लांब ठेवा.

आणि पोदेराला, म्हणजे रोज पाव आणणाऱ्याला, सांगायला विसरू नका. फाटकाला पावाची पिशवी लटकलेली आणि खाली वर्तमानपत्रांचा ढीग, एवढे बघितले की कोणालाही पुढचे विचारायची गरज राहत नाही. समोरच्या काकू रोज संध्याकाळी येऊन तुळशीला पाणी घालतात, सोप्यावरचा दिवा लावतात. निघताना मी फाटकाशी रेंगाळले तर मलाच दटावतात, "बाय, तुमी वचात, हांव घर पळयतां" (तुम्ही जा, घराकडे मी बघते). दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असते. तिसरी माझ्याकडे, आणि तुळशीच्या कट्ट्याखाली एकही नाही.

एक काम मात्र दरवर्षीचे. चकतीत तेल घालू नका, तेलावर धूळ बसून किल्ली अडते. पेन्सिलीचे शिसे बारीक करून किल्लीला चोळायचे आणि ती दोन-तीनदा फिरवायची. चकतीवर गंज धरू नये म्हणून पावसाळ्यात बाहेरून छोटे पत्र्याचे झाकण लावून घेतले आहे, ते मेस्ताने फुकट करून दिले.