इन्स्क्रिप्ट की फोनेटिक: घरी बसून भरपूर मराठी टाइप करायचं असेल तर

गेल्या महिन्यात दोघा जणांनी मला हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच नीट लिहून काढतो. फोनेटिक म्हणजे रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवायचं, आणि इन्स्क्रिप्ट म्हणजे बटणांवर थेट देवनागरी अक्षरं असलेली कीबोर्डची मांडणी. दोन्ही प्रकार मी स्वतः वापरलेत, फोनेटिक जवळजवळ दहा वर्षं आणि इन्स्क्रिप्ट गेली तीन. व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिण्यापुरतं मराठी लागत असेल तर सध्या जे चाललंय ते उत्तम आहे, बदलू नका. ज्यांना पानंच्या पानं टाइप करायची आहेत त्यांच्यासाठी हे आहे.

माझ्याकडची पानं म्हणजे वडिलांच्या डायऱ्या. बाबा एसटीत कंडक्टर होते आणि रोज रात्री, मुक्कामी गाडी असली तरी, चार-पाच ओळी लिहायचेच. किती फेऱ्या झाल्या, गाडी कुठे बंद पडली, वेबिल (तिकिटांचा हिशेब) जुळलं का, पाऊस होता का. अशा सत्तावीस डायऱ्या आहेत, कागद पिवळा पडलाय, शाई उडत चाललीये, आणि बाबा आहेत तोवर अडलेला शब्द त्यांनाच विचारता येतो, म्हणून घाई.

सुरुवात अर्थात फोनेटिकनेच केली. त्याचं कौतुक आधी करायला हवं कारण माझ्यासारख्या कितीतरी लोकांना मराठी लिहितं त्यानेच केलं. मला आठवतंय, विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसावी म्हणून रीजनल सेटिंगमध्ये जाऊन एक टिकमार्क करायचा आणि मग ओरिजिनल सीडी शोधत बसायचं, ती सापडेपर्यंत वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसलेल्या. त्या दिवसांत रोमनमध्ये लिहिलं की समोर मराठी उमटतं हे बघून जो आनंद झाला तो खरा होता. शिकायला काही लागत नाही, इंग्रजी कीबोर्ड हाताखाली असतोच, पहिल्या दिवशी पहिलं वाक्य होतं.

फक्त फोनेटिक म्हणजे एक गोष्ट नाही, दोन आहेत, आणि ठरवताना हा फरक लक्षात घ्या. एकात नियम ठरलेले असतात, अमुक अक्षर दाबलं की अमुकच येणार, दोनदा ए म्हणजे काना, कॅपिटल एल म्हणजे ळ वगैरे. दुसऱ्यात तुम्ही अंदाजे स्पेलिंग लिहायचं आणि कॉम्प्युटर शब्द ओळखणार. सोपा दुसराच वाटतो आणि बहुतेक जण तोच वापरतात, मीही तोच वापरला. के-ए-एल टाइप केलं की त्यातून कल, कळ, काल, काळ यातलं काहीही निघू शकतं, त्यामुळे स्पेस दाबला की डोळे वर न्यायचे, बघायचं, चुकलं असेल तर यादीतून निवडायचं. चार ओळींना हे जाणवतही नाही. डायरीचं पान डावीकडे ठेवून बघत बघत टाइप करताना मात्र नजर दर शब्दाला कागदावरून उचलावी लागते आणि परत आल्यावर ओळ सापडत नाही. माझी मान पहिल्या डायरीतच धरली.

तरी तेवढ्यावर मी बदललो नसतो, खरंच सांगतो. बदललो तो 'फेऱ्या' या एका शब्दामुळे.

कंडक्टरच्या डायरीत हा शब्द दर पानावर असतो. मी पी-एच-ई-आर-वाय-ए लिहायचो आणि डोक्यावर रफार घेऊन 'फेर्या' यायचं. मराठी माणसाला ते डोळ्यात खुपतं, दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. मग नियमवाल्या दुसऱ्या एका टूलकडे गेलो, तिथे या आडव्या र साठी वेगळी खूण होती, ती पाठ केली. पुढे लॅपटॉपवर तिसरं टूल टाकलं, त्याची खूण अजून वेगळी. पण चला, शब्द तरी बरोबर दिसायला लागला, म्हणून पाच डायऱ्या तशाच पूर्ण केल्या.

एका रविवारी बाबा म्हणाले, "अरे, ज्या दिवशी सहा फेऱ्या झाल्या होत्या ते पान काढ बरं." मी फाइलमध्ये 'सहा फेऱ्या' शोधलं. काहीच नाही. बाबांना खात्री होती, मलाही ते पान टाइप केल्याचं आठवत होतं. शेवटी पानं चाळत गेलो आणि ते सापडलं, डोळ्यासमोर लख्ख 'सहा फेऱ्या' लिहिलेलं, आणि सर्च म्हणतोय नाही. माझा विश्वासच बसेना. दोन्ही शब्द वेगवेगळ्या फाइलमध्ये घेऊन हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधल्या अक्षरांचे कोड दाखवतो तो) उघडले तेव्हा उलगडा झाला. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, साधा र आहे ०९३० ला आणि त्याच्या शेजारी ०९३१ ला ऱ वेगळा आहे. एका टूलने हा ऱ, मग हलन्त, मग य असं लिहिलं होतं. दुसऱ्याने साधाच र, हलन्त, आणि मध्ये झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं अक्षर घालून तोच आकार काढला होता. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, छापलं तरी सारखे, पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. शिवाय सुरुवातीच्या डायरीतले रफारवाले 'फेर्या' होतेच. म्हणजे एकाच फाइलमध्ये एकाच शब्दाची तीन रूपं, आणि यातला एकही निर्णय मी घेतलेला नव्हता, टूलने परस्पर घेतला होता. तोच घोळ ॲ चा. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं, त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवायचे, त्यामुळे बाबांचा 'ॲडव्हान्स' पण दोन प्रकारे साठवलेला सापडला.

त्या रात्री इन्स्क्रिप्ट चालू केलं. ते विंडोजमध्ये असतंच, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घेतलं की झालं, वेगळं काही डाउनलोड करावं लागलं नाही. लेआउटचं चित्र प्रिंट काढून मॉनिटरखाली चिकटवलं आणि रोज जेवणानंतर अर्धा तास बसलो. पहिला आठवडा जड गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. एक ओळ टाइप व्हायला एवढा वेळ लागायचा की सोडून द्यावंसं वाटायचं. दुसऱ्या आठवड्यात त्यातली रचना कळायला लागली आणि मग मजा यायला लागली. स्वर सगळे डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क च्या बटणावर शिफ्ट धरला की ख, ग वर घ, त वर थ, प वर फ. मात्रेच्या बटणावर शिफ्ट धरला की पूर्ण स्वर. ज्याने कोणी ही मांडणी केली त्याने बाराखडी मनात धरून केली असणार. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात ही मांडणी आहे, आणि इतर भारतीय लिप्यांनाही तीच चालते. आमच्या सोसायटीतल्या गुजराती काकांना त्यांच्या कॉम्प्युटरवर गुजराती इन्स्क्रिप्ट लावून दिलं तेव्हा क, त, प सगळे माझ्या बोटांना माहीत असलेल्याच जागी निघाले.

आणि 'फेऱ्या'? शिफ्ट-एच, एस, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. सहा बटणं, रोमनमध्येही सहाच लागत होती. पण इथे ऱ चं स्वतःचं बटण आहे, मी ऱ दाबला की ऱच जातो, दर वेळी तोच. साधारण तीन आठवड्यांत माझा वेग जुन्या वेगाइतका झाला आणि आता त्याहून जास्त असावा, मोजलेला नाही, पण पूर्वी एका बैठकीत तीन पानं व्हायची ती आता पाच होतात आणि मुख्य म्हणजे डोळे डायरीवरच राहतात.

तोटेही सांगतो. प्रश्नचिन्ह आणि अवतरणचिन्हं माझ्या लेआउटवर नाहीत, त्या जागी य आणि ट-ठ बसलेत, त्यामुळे दर वेळी इंग्रजीवर जाऊन परत यावं लागतं. गोष्टी किंवा संवाद लिहिणाऱ्याला याचा खरंच त्रास होईल, त्याने विचार करावा. इंग्रजी शब्द पेरत लिहायची सवय असेल तरी तेच. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसलात आणि तिथे मराठी कीबोर्ड ॲड केलेला नसेल तर तेवढं सेटिंग आधी करावं लागतं. आणि ज्यांनी टाइपरायटरवर मराठी टायपिंगची परीक्षा दिलीये त्यांची बोटं रेमिंग्टनला बसलेली असतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची सवय असते, त्यांना मी इन्स्क्रिप्टचा आग्रह करणार नाही, रेमिंग्टन मांडणीचं युनिकोड टूल घ्यावं आणि सुखाने काम करावं. मोबाईलवर मीसुद्धा फोनेटिकच वापरतो, तिथे छोट्या स्क्रीनवर इन्स्क्रिप्टची बटणं शोधणं मला जमलं नाही.

तर आठवड्याला एखादं पान लिहिणार असाल तर फोनेटिक बरं पडेल, फक्त एकच टूल धरा आणि आधी त्यात 'दऱ्या', 'तऱ्हा', 'ॲप' हे तीन शब्द लिहून बघा. पुस्तक, वंशावळ, जुनी पत्रं, आईच्या पाककृतींची वही असं काही मोठं आणि पुढे शोधावं लागणारं काम हातात असेल तर माझं मत इन्स्क्रिप्टला आहे, तीन आठवडे द्यायची तयारी ठेवा.

त्या पहिल्या पाच डायऱ्या मी फाइंड-रिप्लेस लावून एका रूपावर आणल्या, दोन रविवार गेले. आता अकरावी चालू आहे. परवा बाबांसमोर 'सहा फेऱ्या' शोधलं तर चार पानं निघाली. त्यांना एकच दिवस आठवत होता, बाकीचे तीन त्यांनी माझ्याकडून वाचून घेतले.